डोहाळजेवणाचा केक

माईंनी भैरवीच्या हातातली चाळणी काढून घेतली आणि म्हणाल्या, "तू जरा बस."

बस, एवढंच. सात वर्षांत या घरात तिला असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजही पडली नव्हती. तुळजापुरातलं हे घर काही सुनेला राबवणारं नव्हतं. सासरे तात्या मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, सकाळचा चहा स्वतःच्या हातानं करून घेणारे. आणि सासूबाई, ज्यांना सगळेच माई म्हणत, त्या अशा उभ्याउभ्या जगणाऱ्या की त्यांच्यासमोर बसायचं म्हणजे आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं. त्यात ओट्याचा हा उजवा कोपरा. इथं भैरवीचा ओव्हन होता, केकचे गोल डबे होते, मापाच्या वाट्या होत्या, आणि माई इकडं फिरकायच्याच नाहीत. तुझी भट्टी, म्हणायच्या. तुझ्या भट्टीतनं काय निघालं आज? आणि निघालेलं खायच्या, पण खाताना तोंड थोडं बाजूला वळवून, जणू खाताना कुणी बघू नये. त्या माई आता त्या कोपऱ्यात उभ्या राहून मैदा चाळत होत्या, ज्वारीचं पीठ चाळावं तसा, चाळणीच्या कडेवर तळहातानं थापट्या मारत. बांगड्या वाजत होत्या. मैदा ज्वारीसारखा पडत नाही, तो धुरासारखा पडतो. माईंच्या हातावरच्या लवेवर तो बसत होता. भैरवी स्टुलावर बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण का म्हणून विचारलं नाही.

मैदा दोन वाट्या. बेकिंग पावडर दीड चमचा. खाण्याचा सोडा अर्धा, त्याहून जास्त नाही.

चार वाजता अक्षराचं डोहाळजेवण होतं. अक्षरा म्हणजे नवऱ्याची, वरदची, धाकटी बहीण. सातवा महिना. याआधी दोनदा तिसऱ्या महिन्याच्या पुढं काही गेलं नव्हतं, म्हणून या वेळी सहा महिने घरात कुणी मोठ्यानं दारसुद्धा लावलं नव्हतं. फुलांच्या वाड्या मावशीकडून यायच्या होत्या, पंचवीस बायका येणार होत्या, आणि केक भैरवी करणार होती. बिनअंड्याचा, खव्याचा. दोन छोटे केक वेगळे करायचे, एकाच्या पोटात पेढा, दुसऱ्याच्या पोटात बर्फी. झाकलेल्या दोन वाट्यांमधली एक उचलायला लावायची जुनी गंमत होती, तिला भैरवीनं हे नवं रूप दिलं होतं. गल्लीतल्या बायकांना ते इतकं आवडलं होतं की गेल्या दोन वर्षांत तुळजापुरातली निम्मी डोहाळजेवणं भैरवीच्या ओव्हनमधून गेली होती. वाढदिवस, साखरपुडे, कुणाच्या पोराला दहावीत चांगले मार्क. ती मनापासून करायची. कुणाच्या घरात काय गोड घडलंय हे गावात सगळ्यांत आधी तिला कळायचं. आणि कडू?

कडू कुणी कळवत नाही. कडूला केक लागत नाही.

"माई, द्या इकडं, मी करते," भैरवी म्हणाली.

"राहू दे गं. चाळायलेच तर आहे." माईंनी वळून बघितलं नाही. मग म्हणाल्या, "दूध घेतलंस का तू सकाळी? घे की कपभर. रिकाम्या पोटी भट्टीपाशी उभी राहू नको."

आता सकाळपासूनचं सगळं तिला पुन्हा बघावंसं वाटलं. उलट क्रमानं. माईंनी चाळणी घेतली, त्याआधी तात्या स्वयंपाकघराच्या दारात आले होते. येऊन उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, घातला, आणि म्हणाले, "भैरवी, नाश्ता केलास का? पोटभर केलास?" तात्यांनी आजवर तिला फक्त दोन गोष्टी विचारल्या असतील, पेपर आला का आणि पाणी आलं का. त्याआधी वरद. साडेआठच्या सुमाराला गच्चीवरून फोनवर बोलत खाली आला, तिला बघून बोलणं तोडलं आणि फोन खिशात टाकता टाकता म्हणाला, "तुझा फोन दे. चार्जिंगची पिन ढिली झालीय म्हणत होतीस ना, दुकानात टाकतो." तिनं ते दोन महिन्यांपूर्वी म्हटलं होतं. दोन महिने त्यानं ऐकलं नव्हतं. आज ऐकलं, आणि फोन घेऊन गेला, आणि परत आला तेव्हा फोन नव्हता, एक किलो साखर होती. साखर घरात होती.

आणि त्याही आधी. नाही, नंतर. साखरेच्या नंतर. भांडी घासायला येणारी हरणाबाई मागच्या दारानं आली, भैरवीला ओट्याशी बघितलं आणि हातातली घासणी तशीच धरून उभी राहिली.

"वैनी, तुमी कामून करायलाव? आजच्या दिवशी तरी…"

"हरणाबाई," माई मधल्या खोलीतून म्हणाल्या, "मागं पातेली पडलीत. तिकडं बघा आधी."

आवाज चढलेला नव्हता. पण हरणाबाई, जी माईंना रोज चार शब्द परत ऐकवायची आणि वर चहाही प्यायची, ती खाली मान घालून मागं गेली, आणि मागून मग पातेल्यांचा आवाज आलाच नाही. हात हळू चालत असले पाहिजेत. अशी भांडी माणूस कधी घासतं? आजच्या दिवशी तरी. भैरवीनं ते वाक्य तेव्हा कार्याच्या दिवसावर घातलं. पाहुणे येणार, तुम्ही घरच्या सून, नटायचं सोडून ओट्याशी काय करता, असं. आता ते वाक्य तिथून उठलं आणि दुसरीकडं जाऊन बसलं.

आई.

तिनं शब्द मनातल्या मनातही मोठ्यानं म्हटला नाही. नुसता दिसला, जसा अंधाऱ्या खोलीत आरसा दिसतो. माहेर ईटला, भूम तालुक्यात. माहेरी दोघंच. आई आणि धाकटा भाऊ कैवल्य. दादा, म्हणजे वडील, जाऊन चार वर्षं झाली. आईला रक्तदाब. मागच्या महिन्यात अंगणात झाडताना चक्कर येऊन पडली, कैवल्यनं तिला बार्शीला नेलं, डॉक्टरांनी तीन दिवस ठेवून घेतलं आणि सोडताना सांगितलं की मीठ कमी करा आणि काळजी कमी करा. आई म्हणाली होती, मीठ सोडते. भैरवी दोन दिवस जाऊन आली होती. निघताना आईनं तिला एसटीत खिडकीजवळ बसवलं, खाली उभी राहून म्हणाली, "पुढच्या खेपेला केक आण बाई. सगळ्या तुळजापूरला खाऊ घालतीस, मी मरायची तुझा केक न खाता." आणि हसली. आईला असं बोलायची सवयच होती. मरणाचं नाव ती मिरचीसारखं घ्यायची, चवीला.

लोणी किंवा तूप अर्धी वाटी. पिठीसाखर एक वाटी. एका दिशेनं फेटायचं. दिशा बदलायची नाही.

"उठते मी," भैरवी म्हणाली आणि उठली. माईंनी तिला अडवलं नाही. बाजूला झाल्या, पण गेल्या नाहीत. भैरवी तूप फेटायला लागली. हात आपोआप फिरत होता. तिला विचारायचं होतं. दोनच शब्द होते, आई कशीय? तिचं तोंड त्या दोन शब्दांच्या आकाराचं झालं होतं. विचारलं की माई चमचा खाली ठेवतील. वरदला हाक मारतील. वरद येईल, तिच्या खांद्यावर हात ठेवेल, आणि त्यानंतरचं सगळं सुरू होईल, आणि एकदा सुरू झालं की ते थांबवता येणार नाही, कारण सुतक ऐकल्यापासून लागतं. कान सांगेपर्यंत माणूस गेलेलं नसतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हे तिनं बघितलं होतं.

कैवल्यच्या मुंजीत. ती बारा वर्षांची, तो सात. ईटच्या घरापुढं मांडव, मांडवात आदल्या दिवशीचे पाहुणे, आणि आतल्या खोलीत लाल फोन, ज्याला आई विणलेला रुमाल घालायची. फोन वाजला तेव्हा खोलीत दादा होते, आणि दाराच्या मागं कपड्यांच्या ढिगावर भैरवी होती, नवा परकर शोधत. दादा नुसते हूं हूं म्हणत होते. मग म्हणाले, "कधी? पहाटे?" मग अगदी हळू, "परवापर्यंत मला काही सांगितलं न्हाई, असं समजा. मी ऐकलं न्हाई." फोन ठेवून ते वळले तर समोर ती. दादांनी तिच्याकडं बघितलं. रागावले नाहीत. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिच्या दोन्ही कानांवर आपले दोन्ही तळवे ठेवले. त्यांचे ओठ हलले. तळव्यांच्या आडून तिला समुद्रासारखं काहीतरी ऐकू आलं, समुद्र तिनं तोवर बघितला नव्हता. ओठांवरून तिनं वाचलं की तूपण ऐकलं न्हाईस. कळंबचे थोरले काका गेले होते. दादांना ज्यांनी सांभाळलं, शिकवलं ते. त्यानंतर दोन दिवस दादा मांडवात फिरले. लाडू वाढले. एका लठ्ठ पाहुण्याला आग्रह करून सातवा लाडू घातला आणि सगळ्यांच्या बरोबर हसले. भैरवी दोन दिवस फक्त त्यांच्या कानाकडं बघत होती. तिला वाटायचं, बातमी कानात आहे, अजून आत उतरलेली नाही, कानाच्या तोंडाशी बसलीय. तिसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर दादा अंगणात आंघोळीला बसले आणि पहिला तांब्या डोक्यावर घेताच मोठ्यानं रडले. आई धावत बाहेर आली. कधी कळलं? आत्ता, दादा म्हणाले. आणि भैरवीनं बघितलं की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आत्ता कळलं होतं.

दही एक वाटी, आंबट नको. खवा कुस्करून एक वाटी. वेलची.

दही आणि सोडा भेटले की मात्र थांबता येत नाही. मिश्रण फुगायला लागतं, बुडबुडे यायला लागतात, आणि तेवढ्यात ते ओव्हनमध्ये गेलं पाहिजे, नाहीतर ते बुडबुडे मरतात आणि केक बसतो. भैरवी नेहमी सगळं हाताशी ठेवून मगच दही घालायची. आज ती दह्याचं भांडं हातात धरून उभी राहिली. बाहेर वरद कुणाशी तरी बोलत होता, "न्हाई, कार्यक्रम उरकला की लगेच. साडेपाच धरा." माईंनी तेवढ्यात मिक्सर लावला. काहीही नसलेला मिक्सर. तो फिरत राहिला, रिकामा, त्याचा आवाज पार कपाळाच्या आत गेला.

साडेपाच. ईटला अडीच-तीन तास. म्हणजे आठ. आणि आपल्यात उन्हं उतरायच्या आत नेतात. कुणासाठी थांबत नाहीत, लेकीसाठी तर फारच थोडा वेळ थांबतात. कैवल्यनं विचारलं असेल वरदला, ताई येईपर्यंत थांबू का. वरद म्हणाला असेल, बघ बाबा तुझं तू. आता किती वाजलेत? साडेबारा. आत्ता निघालं तर साडेतीन. तोंड बघायला मिळेल. केक ओव्हनमध्ये चाळीस मिनिटं, म्हणजे सव्वा. गार व्हायला तास. दर दहा मिनिटांनी गाव दहा मिनिटं लांब जात होतं. तिला कैवल्यचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. भावोजींना सांगितलंस, मला नाही सांगितलंस? मला, जिनं तुझ्या मुंजीचं ओझं दोन दिवस कानात धरून ठेवलं? गेल्या दिवाळीत माझ्या केकला गोड पाव म्हणून पाच तुकडे खाल्लेस, तेव्हा बरी आठवली ताई. एरवी तर काम असल्याशिवाय फोन नाही तुझा. आज काम होतं, कैवल्या. आज मलाच करायचा होता. ती मनात त्याला बोलत राहिली, जुनं नवं सगळं काढून, लहानपणी त्यानं फोडलेल्या पाटीपर्यंत. आणि बोलता बोलता तिनं दही ओतलं.

बुडबुडे आले.

मग तिचा हात तिचा राहिला नाही. डब्याला तूप, तुपावर मैद्याचं बोट, मिश्रण आत, डबा एकदा ओट्यावर आपटायचा म्हणजे आतली हवा सुटते. तिनं आपटला. माई दचकल्या. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. माईंचे डोळे तिनं कधी असे बघितले नव्हते, कडेनं लाल आणि मध्ये घाबरलेले, जणू भैरवी त्यांना काही करणार होती. अक्षराच्या पोटात ते सातव्या महिन्याचं होतं. या बाईनं दोनदा स्वतःच्या लेकीचं काय काय धुतलं होतं. भैरवीला ते सगळं कळत होतं, आणि कळण्याचा काही उपयोग होत नव्हता. तिनं ओव्हनचं दार लावलं. घंटी पंचवीस मिनिटांवर लावली, लाल दिवा लागला. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही, नाहीतर केक मधोमध खचतो. ही तिची तिनंच दोन वर्षांत शिकलेली गोष्ट होती, तीन केक फुकट घालवून. पंचवीस मिनिटं आई आहे, तिला वाटलं. आणि मग तिला स्वतःचीच भीती वाटली.

"वहिनी!" अक्षरा दारात उभी होती, हिरव्या साडीत, कंबरेवर हात. "माझ्या वाटणीचं कच्चं ठेवलंय का भांड्यात?"

"कच्चं खाऊ नये," माई म्हणाल्या.

"मला नकोय. ह्याला पाहिजे." तिनं पोटावर थोपटलं. "आजी नको म्हणतीय रे तुझी. आल्यावर बघून घे तिला." आणि बोटानं भांडं निपटून घेतलं. तोंडात बोट असतानाच म्हणाली, "आज घरात सगळे असे काय गं? वरददादा माझ्याशी भांडला न्हाई सकाळपासून. तात्यांनी मला विचारलं, गाणी लावू का. तात्यांनी! मला वाटलं डॉक्टरांनी काही सांगितलं की काय माझं."

"काही नाही गं बाई," माई म्हणाल्या. "उगंच काहीतरी मनात आणू नको." आणि मोसंबं सोलायच्या निमित्तानं तिला बाहेर घेऊन जायला लागल्या.

म्हणजे अक्षरालाही माहीत नव्हतं. भैरवीनं तिच्या हाताकडं बघितलं. फोन होता, गुलाबी कव्हरचा, गाणं चालू असलेला.

"अक्षरा, तुझा फोन देतेस? पाच मिनिटं. वरचं डिझाइन बघायचंय, माझा दुकानात आहे."

अक्षरानं दिला. माईंचा हात पुढं आला, हवेत थांबला. हिसकावून घेतला असता तर अक्षरानं का म्हणून विचारलं असतं. माई म्हणाल्या, "इथंच बघ की, भैरवी. उन्हात कुठं जातीस." त्यांचा आवाज विनवत होता. भैरवी त्यांच्या शेजारून जिन्याकडं गेली. जिन्याच्या अठरा पायऱ्या तिनं एकदाही न मोजता चढल्या, पण पायाला त्या कळत होत्या. गच्चीवर कुरडयांचं रिकामं प्लास्टिक ऊन खात पडलं होतं. कठड्यावरून खाली गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी दिसली, धाराशिवकडं, ईटच्या वाटेकडं तोंड करून उभी. ड्रायव्हर आत सीट मागं टाकून झोपलेला, तोंडावर रुमाल. गाडीच्या टपावर शेवग्याची बारीक पानं पडून जाड थर झाला होता. ती बरीच आधीपासून उभी होती.

आईचा नंबर तिला पाठ होता. आईच्या फोनमधलं सिम तिनंच घेऊन दिलं होतं. ती आकडे दाबत गेली आणि प्रत्येक आकड्याला वाटत गेलं की हा चुकला तर बरं. कोण उचलेल? कैवल्य. ताई, असं म्हणेल आणि थांबेल. किंवा कुणी अनोळखी बाई, जिच्या मागं बायकांचा तो एकसारखा आवाज असेल. रिंग वाजली. दुसरी. मागं जिन्यावर पावलं वाजली, वरदची, ती न वळता ओळखते. ती पावलं वरच्या पायरीशी येऊन थांबली. तो पुढं आला नाही.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

भैरवी कठड्याला टेकून खाली बसली. "आई?"

पलीकडं श्वास सोडल्याचा आवाज, इतका लांब की जणू कुणी सकाळपासून तो धरून ठेवला होता. "भैरे. तूच बोलायलीस न्हवं? तूच आहेस न्हवं?"

"मीच. आई, तू… बरी आहेस?"

"मला काय धाड भरलीय. तुझा फोन किती लावला गं. लागतच न्हाई. बंद. मला वाटलं…" आई थांबली. "कुणाचा नंबर हा?"

"अक्षराचा. काय वाटलं तुला?"

"काही न्हाई." आईनं आवाज खाली आणला. "ही मथुराबाई आठ वाजल्यापासून येऊन बसलीय शेजारून. जा म्हणलं तर जात न्हाई. मला चूल पेटवू दिली न्हाई. पाणीसुद्धा हातात आणून द्यायलीय. आता गल्लीतल्या आणखी चौघीजणी आल्यात, ओसरीवर बसल्यात भिंतीला टेकून. विचारलं तर म्हणतात, सहज आलो. सहज कुणी येतं का गं भर दुपारचं, कामाच्या दिवसात? मला वाटलं तुझंच काही झालं. लेकीचं आईला शेवटी सांगतात."

"मला तुझं वाटलं," भैरवी म्हणाली.

"माझं?" आई हसायला गेली. "मी तर ही बघ, बोलायलेय."

"मीपण बोलायलेय."

आणि मग दोघीही बोलायच्या थांबल्या. कारण दोघी बोलत होत्या. ईटला आई होती, तुळजापूरला ती होती, दोघींचा श्वास एकमेकींना ऐकू येत होता, आणि त्या घरातलं तिसरं माणूस या दोन्ही टोकांना कुठंच नव्हतं. भैरवीला दिसलं की आपण मघाशी मनातल्या मनात धाकट्याला काय काय बोललो. तिनं तोंडावर हात ठेवला. ती वळली नाही, तरी वरच्या पायरीवर वरदनं दोन्ही हातांनी चौकट धरल्याचं तिला पाठीनं कळलं. खाली गल्लीत कुल्फीवाल्याची घंटी वाजली, एका पोरानं सायकलचा ब्रेक करकचून लावला. सगळं जसं रोज असतं तसं होतं, आणि तसंच राहणार होतं, आणि हेच तिला सहन होईना.

"आई," ती म्हणाली.

"थांब." आईचा आवाज एकदम सपाट झाला होता. परातीत पाणी हलायचं थांबावं तसा. "काही म्हणू नको. मी तुला विचारलं न्हाई. तूपण मला विचारू नको."

"आई, मथुराबाईला फोन दे."

"न्हाई देत." आणि मग, "काय करायलीस तू? हात रिकामा न्हाई तुझा, म्हाईताय मला. आज अक्षराचं होतं न्हवं डोहाळजेवण?"

"केक करतेय."

"कसा करतात?"

"आई—"

"कसा करतात, सांग की. कधी सांगितला न्हाईस मला. सुरवातीपास्नं सांग."

भैरवीनं डोळे मिटले. तिला सांगता येत होतं की गाडी उभी आहे, मी निघते, तीन तासांत पोचते. तिला नाव घेता येत होतं. नाव तिच्या जिभेवर होतं, तिनंच ठेवलेलं नाव, आठ महिने पाळण्याशेजारी बसून तिनंच हट्टानं सगळ्यांना म्हणायला लावलेलं. ते तिनं आता उच्चारलं की ते आईच्या कानात पडणार होतं आणि मग उतरायला लागणार होतं. हे काम दुसऱ्या कुणी करावं असं तिला वाटलं नाही. आणि तिला ते आत्ता करताही येईना.

"मैदा घ्यायचा," ती म्हणाली. "दोन वाट्या."

"कुठली वाटी? आमटीची?"

"आमटीचीच. चाळून घ्यायचा. तीनदा. त्यात बेकिंग पावडर, दीड चमचा."

"ती कुठनं आणू ईटला?"

"मी आणते. मी येताना आणते."

"हं," आई म्हणाली. तो हं मध्येच तुटला आणि आईनं तो पुन्हा जोडला. "पुढं?"

"तूप आणि साखर फेटायची. एकाच बाजूनं."

"अंडं न्हाई न्हवं?"

"नाही गं. दही घालायचं."

"मग फुगतो कशानं? दह्यानं कुठं फुगतं?"

"दही आणि सोडा. दोन्ही एकत्र आले की आपोआप." ओव्हनची घंटी खाली वाजली. पंचवीस मिनिटं झाली होती. माईंनी वरदला खालून हाक मारली, हळू, प्रश्नासारखी. भैरवी सांगत राहिली. "मग खवा. कुस्करून. तुमच्याकडचाच खवा चांगला."

"भैरे," आई म्हणाली, "ओसरीवरच्या बायका उठल्यात."

भैरवीनं फोन कानाशी इतका दाबला की कानाची पाळी दुखली. पलीकडं, लांब, एक मोठं वाहन गिअर बदलत गल्लीत वळत होतं. मागं घेतानाचा तो तुटक-तुटक आवाज. कुणीतरी म्हणालं, इकडं, इकडं घ्या. गाडीचं मागचं पत्र्याचं दार वाजलं.

"दारात गाडी लागलीय," आई म्हणाली. "मी बघत न्हाई तिकडं. तू बोल. दूध किती घालायचं?"

"लागेल तसं."

"तसं न्हाई. नीट सांग."

"एकदम नाही ओतायचं, आई," भैरवी म्हणाली. "थोडं थोडं."